तो हसरा फोटो

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, माहेरी आईजवळ नाही. देवापुढे नुसते हात जोडले, तिथेही तोंड उघडलं नाही. आता दुपारी घरात कुणी नाही म्हणून लिहायला बसले आहे. तरी मघाशी उठून दाराची कडी बघून आले. कडी लावलेलीच होती.

आधी शुभाचं सांगते. नाही — आधी माझं सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल, मी तिचा राग करायचे. राग नव्हता. कधीच नव्हता.

मी कोकणातल्या लहान गावातली. आमच्याकडे शाळा चौथीपर्यंत, पुढची खाडीपलीकडे, म्हणून चौथीनंतर घरी बसले. लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा दुकानदाराला ‘दुसरा रंग दाखवा’ म्हणायचीसुद्धा मला भीती वाटायची. सासूबाईंचं बोलणं टोचून. भाजी चिरली तरी, ‘तुमच्या गावाला अशीच चिरतात वाटतं?’ मी मान खाली घालायचे. आणि आतल्या खोलीतून शुभा ओरडायची, “आणि तू काय लंडनहून आलीस का गं आई?”

शुभा माझी नणंद. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, “मला ताई-बिई नको हं म्हणूस. नावाने हाक मार.” ऑफिसातून आली की पेपर माझ्या हातात द्यायची आणि चहा होईपर्यंत मोठ्याने वाचायला लावायची. अडखळले तर हसायची नाही. आज मी हे एवढं लिहिते आहे ते तिच्यामुळे. मुलाला बालवाडीत घातलं तेव्हा बाईंशी बोलायला ती, बँकेत ती, डॉक्टरकडे ती. मी नुसती बाजूला उभी.

मग नाशिकचं स्थळ आलं.

मुलगा चांगला, माणसं चांगली. त्यांनी फोटो मागितला, तोही साधा नको, नीट काढलेला. शुभाच्या मैत्रिणीने ठाण्याला टेंभी नाक्याजवळचा एक स्टुडिओ सांगितला. बाहेर पाटी होती, ‘ग्लॅमर फोटोसेशन’. आत मेकअप करायला बाई, केस उडवायला पंखा, छत्र्या लावलेले दिवे. शुभाला एकटीला लाज वाटत होती म्हणून मला घेऊन गेली. लाजरीने लाजरीला धीर द्यायचा!

शुभाचे पुढचे दोन दात जरा पुढे आहेत. कॅमेरा समोर आला की ती ओठ घट्ट मिटते आणि चेहरा रागावल्यासारखा होतो. फोटोवाले दादा थकून गेले. “मॅडम, जरा सैल सोडा. पासपोर्टचा नाहीये हा.” तिच्यावर उजेड पडावा म्हणून त्यांनी पांढऱ्या थर्माकोलचा एक मोठा तुकडा माझ्या हातात दिला होता. तो मी धरून ठेवला होता खरा, पण पंख्याचा वारा लागला आणि थर्माकोल उलटा माझ्याच तोंडावर बसला. मी त्याच्या मागून म्हटलं, “आता काय करू?”

शुभा हसली. दात, हिरड्या, सगळं दाखवून हसली. मान तिरकी, केस गालावर. “अगं वहिनी, फोटो माझा काढतायत की तुझा?”

तेवढ्यात दादांनी बटण दाबलं. “हा लागला!” म्हणाले.

सगळे फोटो माझ्या मोबाईलवर आले. लहान लहान, प्रत्येकावर नंबर. त्यातले पाच नंबर कळवायचे, मग ते नीट करून मोठे देणार. बाकीचे द्यायचे नाहीत, अशी त्यांची पद्धत. शुभाने स्टुडिओत मोबाईल नंबर माझा दिलेला, कारण — तिचेच शब्द सांगते — “मला माझं तोंड बघवत नाही गं. तूच निवड. तुझ्याइतकं मला कोण बघतं?”

ती अंघोळीला गेली. मी गॅलरीत ओल्या चादरीच्या मागे उभी राहून फोटो बघितले. तो हसरा आला आणि माझा अंगठा थांबला. इतकी छान दिसत होती! घरात दिसते तशी. माझ्याशी बोलताना दिसते तशी. नाशिकच्या माणसांनी हा बघितला तर नाही म्हणतील? कोण म्हणेल नाही?

आणि मग मला पेपर कोण देणार? सासूबाईंना उत्तर कोण देणार? शाळेत बाईंसमोर मी एकटी उभी राहणार? चादरीचं पाणी पायावर गळत होतं, तेही कळलं नाही.

मी पाच नंबर पाठवले. पाचही ओठ मिटलेले. चुकून नाही, गोंधळून नाही. एकेक मोठा करून बघितला आणि त्यातले जास्त रागीट निवडले.

लगेच दादांचा फोन आला. “वहिनी, तो हसरा नाही घेतला?”

मी म्हटलं, “घरच्यांना नको आहे.”

शुभा केस पुसत बाहेर आली. “निवडलेस?” म्हणाली. मी हो म्हटलं. तिने विचारलंही नाही कुठले.

नाशिकहून निरोप आला — मुलगी जरा कडक वाटते. मी चहा टाकायला आत गेले. मनात कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहायलाच हवं. तेच फोटो पुढे आणखी स्थळांना गेले. मग हळूहळू जायचे थांबले.

तेव्हापासून शुभा फोटो काढून घेत नाही. “मला कॅमेरा मानवत नाही,” म्हणते, हसत म्हणते. लग्नात, बारशात, गणपतीत सगळे उभे राहिले की हिचा हात पुढे, “आणा मोबाईल, मी काढते.” माझ्या मुलाच्या एकाही वाढदिवसाच्या फोटोत ती नाही. तो आता नववीत आहे.

इथे थांबले असते तर? एका भित्र्या बाईने एकदा चूक केली, असं तुम्ही म्हणाला असतात. पण मला सांगायचं आहे ते पुढचंच आहे.

यंदा नवरात्रात दादांचा मेसेज आला. स्टुडिओ बंद करतोय, कॉम्प्युटरवरचं सगळं पुसणार, कुणाला जुने फोटो हवे असतील तर येऊन घेऊन जा. मला वाटलेलं, तो फोटो कधीच गेला. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मग टेंभी नाक्याच्या देवीला जाते सांगून निघाले. एकटी. ठाण्याला एकटी जायची ही पहिलीच वेळ.

दादांचे केस पिकलेले. भिंतीवरचे फोटो उतरवून दाराशी टेकवून ठेवलेले. कॉम्प्युटरवर एकेक फोटो सरकवत गेले आणि मध्येच थांबले. “हा बघा. हा राहिलाच होता तुमचा.”

पूर्ण पडदाभर शुभा. मी विसरले होते ती किती हसली होती ते.

“असाच देतो, घेऊन जा,” म्हणाले. “मोबाईलवर पाठवू?”

हा फोटो घरी नेऊन तिच्या हातात ठेवायचा, एवढंच होतं. तिला कळलं असतं की कॅमेऱ्याने तिचं काही वाकडं केलेलं नव्हतं. पण ती एकच प्रश्न विचारणार — हा तेव्हा होता? मग मी काय सांगू? तिच्या तोंडाकडे कशी बघू?

मी म्हटलं, “नको. पुसून टाका.”

“नक्की?”

मी मान हलवली. त्यांनी माझ्यासमोरच पुसला. मी बघत होते.

पहिल्या वेळी ती जाईल म्हणून घाबरले होते. आता ती कुठे जाणार नव्हती. या वेळी मी फक्त स्वतःला वाचवलं.

देवीच्या रांगेत उभी राहिलेच नाही. स्टेशनबाहेर पेढे घेतले आणि घरी येऊन प्रसाद म्हणून ठेवले. दार शुभानेच उघडलं. “एकटी गेलीस? ठाण्याला? वा गं वहिनी!” तिचा चेहरा फुलला होता. पेढा कपाळाला लावून तिने खाल्ला. मग मला दारातच उभं केलं. “थांब, फोटो काढते तुझा. हस ना. अशी काय उभी राहिलीस, पासपोर्टचा आहे का?”

तिने तीन काढले. नीट बघून दोन पुसले. चांगला आलेला ठेवला आणि मला पाठवला.

तो माझ्या मोबाईलवर आहे. मी खरंच छान दिसते त्यात.