मातीचा मुहूर्त

पृथ्वीचे लक्षण गंध, हे मी पाठशाळेत चाळीस वर्षे शिकवले. परंतु माती नाकाशी नेऊन प्रत्यक्ष हुंगणारा पहिला मनुष्य मला सत्तरी उलटल्यावर भेटला. त्यांचे नाव महालिंगअप्पा. पोखर्णीकडची शेती थोरल्या मुलाच्या हाती सोपवून ते गंगाखेडला धाकट्याकडे, म्हणजे आमच्या शेजारी, राहावयास आले होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग आणि सदऱ्याच्या खिशात नेहमी कुठली तरी मूठभर माती. पहिल्या भेटीत माझी विचारपूस करण्यापूर्वीच त्यांनी आमच्या अंगणातल्या वाफ्यातून चिमूट उचलली, हुंगली, पाण्याचे दोन थेंब टाकून तिची गोळी वळून पाहिली. गोळी वळेना. तेव्हा रुग्णाच्या नातलगाला बाजूला घेऊन सांगावे तशा आवाजात ते म्हणाले, "गुरुजी, ही माती न्हाई. घर पाडल्यावर खाली उरतंय ते हाय हे."

निदान अचूक होते. घर बांधताना सगळ्या अंगणात फरशी घातली गेली होती. तुळशीसाठी गवंड्याने गुडघाभर उंचीचा विटांचा वाफा रचून दिला. पण त्यात मुरूम, विटांचे तुकडे आणि वाळलेले सिमेंट लोटून वर चार बोटे काळी माती पसरली. तीत लावलेली तुळस तीनदा वाळली. इकडे मी तर संकल्प करून बसलो होतो, की येत्या धोंड्याच्या महिन्यात विष्णुसहस्रनामाच्या प्रत्येक नामाला एक, अशी घरच्या तुळशीची हजार पाने वाहीन. बाजारची पाने चालणार नव्हती. अधिकमास तीन वर्षांनी येतो, आणि मला अठ्ठ्याहत्तरावे लागले होते. पुढचाही आपल्याला दिसेलच असे मानणे म्हणजे भगवंताला गृहीत धरणे होते.

मातीला काय घालता, असे अप्पांनी विचारले. मी काहीशा अभिमानानेच सांगितले की, रोजचे पंचामृत, अभिषेकाचे तीर्थ, निर्माल्य आणि गुरुवारी शिऱ्याचा नैवेद्य. वाफ्यावरून चाललेल्या मुंग्यांच्या दिंडीकडे अप्पा थोडा वेळ पाहत राहिले.

"प्रसाद रोज द्यायलात गुरुजी," ते म्हणाले, "जेवण कधी देणार?"

माणसांनाही ते मातीच्याच जाती लावीत. त्यांच्या मते त्यांची धाकटी सून म्हणजे काळे रान; एकदा राग मुरला की दिवाळीपर्यंत वाफसा नाही, पाऊल टाकायची सोय नाही. गवंडी खारवट. मी कोणत्या जातीचा, असे माझ्या पत्नीने एकदा मुद्दाम विचारले. अप्पांनी क्षणभर संकोच केला. मग म्हणाले, "गुरुजी म्हणजे चुनखडी. दिसायला लय सफेद, पर पाणी खाली उतरू देत न्हाई." पत्नीने हे वचन पुढे अनेक प्रसंगी उपयोगात आणले.

माघात त्यांनी वाफा उपसला. पाणी निघून जावे म्हणून तळाशी भोके पाडली. मग उसाचे पाचट, कडुलिंबाचा पाला, जुने शेणखत आणि ओढ्यातला गाळ असे थरावर थर देऊ लागले. इथवर शास्त्राची हरकत नव्हती. परंतु एके सकाळी ते आपल्या घरून कांद्याच्या सालींची टोपली घेऊन आले. ज्या घरात कांदा शिरत नाही, तिथे तो तुळशीच्या मुळाशी! मी काम थांबवले. टोपली मांडीवर घेऊन अप्पा वाफ्याच्या कठड्यावर बसून राहिले, आणि माझे सोवळ्याचे स्तोत्र संपल्यावर म्हणाले, "सोवळं तुमी पाळता, मातीनं न्हाई पाळलं. तिच्या पोटात गेल्यावर कांदा कांदा राहात न्हाई, बामण बामण राहात न्हाई, अन् मी बी मी राहात न्हाई." मी आत जाऊन आचमन केले. परत आलो तेव्हा टोपली रिकामी होती.

वाफा भरल्यावर त्यांनी बजावले, की महिना-दीड महिना हात लावू नका, माती आता रवंथ करायलीय. एवढे सांगून ते ज्वारीच्या काढणीसाठी गावी गेले. बाराव्याच दिवशी गुरुपुष्य आले. असा योग हातचा दवडणे मला पाप वाटले. समंत्रक अकरा रोपे लावली. तिसऱ्या दिवशी ती उकडलेल्या भाजीसारखी लोळली.

अप्पा परतले. त्यांनी लोळलेली रोपे पाहिली. माझे मनगट धरले आणि हात कोपरापर्यंत वाफ्यात घातला. आत तापलेल्या लेकराच्या पोटासारखी धग होती.

"मुहूर्त तुमचा व्हता गुरुजी," ते म्हणाले. "तिचा न्हवता."

तिचा कसा ओळखावा, असे मी विचारले, आणि तो प्रश्न मी शिष्यभावानेच विचारला होता. त्यांनी सांगितले, की हात घालायचा. गार लागली अन् वास गोड आला, की लावायचं. त्या दिवसापासून पूजा आटोपताच मी वाफ्यात हात घालून माती हुंगू लागलो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना पत्नी सांगे, की ते नाडी बघायलेत. पाचव्या आठवड्यात एका सकाळी माती गार लागली. पंचांग उघडले, तर अमावास्या. मी अप्पांकडे पाहिले. ते तंबाखू नसलेल्या हातावर उगाच अंगठा चोळीत दुसरीकडे पाहत होते. मी पंचांग मिटले आणि रोपे लावली.

अधिकमासात तुळस कमरेएवढी झाली. सहस्र नामे, सहस्र पाने, सर्व यथासांग झाले. त्या वेळी ओसरीवर अप्पा तळहातावर लिंग घेऊन आपली पूजा करीत होते. नंतर मी धोतरजोडी पुढे केली. ती त्यांनी परत केली आणि वाफ्यातली एक मूठ खिशात टाकली. कशाला, असे मी विचारले.

"आमच्यात बसवून मातीत ठेवत्यात," ते म्हणाले. "जिथं कायमचं राहायचं, त्या घराची आधी चौकशी करावी माणसानं."

त्याच वर्षी कार्तिकात ते गेले. पोखर्णीच्या शेतात त्यांना मांडी घालून बसवले. हातात लिंग, अंगावर भस्म आणि बेल. मी वाफ्यातली माती पिशवीतून नेली होती. मूठमाती देण्याची माझी पाळी आली तेव्हा, न ठरवताच, मी आधी पिशवीत हात घातला आणि मूठ नाकाशी नेली. थोरला मुलगा माझ्याकडे पाहत होता. गुरुजींना रडू आवरत नाही, असे त्याला वाटले असावे.

माती गार होती. वास गोड होता. मी मूठ सोडली.

त्या दिवशी नक्षत्र कोणते होते, ते मला आजही ठाऊक नाही.