काष्टीची लिंबं आणि माशाच्या कानातले खडे

माशाच्या कानात खडे असतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर लेकीकडून कळलं. मनवा एमएस्सी करते. सोमवारी तिला मरळ माशाचे बारा खडे कॉलेजात दाखवायचे होते, नाहीतर प्रकल्प पुढच्या वर्षावर जाणार होता. माझी नणंद काष्टीची. तिथल्या आठवडी बाजारात मरळ मिळतात, म्हणून आम्ही मायलेकी निघालो.

दौंडपर्यंत रेल्वे, पुढे वडाप. जीपमध्ये मी चौदावी होते. तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर जा आणि जेवण हलकं ठेवा. रस्त्याला ऊस आणि लिंबाच्या बागा आहेत, पण मला शेजारणीच्या टोपलीतली कोंबडीच जास्त दिसली.

बाजारात सहा डोकी मागितल्यावर मासेवाले चाचा बघतच राहिले.

“मासं सोडून डोकीच नेताय. घरी समदं बरं हाय ना?”

वन्संच्या ओसरीवर मनवाने चिमट्याने बारा खडे काढले. तांदळाच्या कणीएवढे, पांढरे. खडू, शिंपला आणि हे खडे, सगळं कॅल्शियम कार्बोनेटच, असं तिने सांगितलं. खड्यातल्या कणांच्या मांडणीला अ‍ॅरॅगोनाइट म्हणतात, आणि आतल्या वलयांवरून माशाचं वय कळतं. मग खडे वाटीत वाळत ठेवून आम्ही बाग बघायला गेलो.

परत आलो तर वन्संनी वाटीत तीन लिंबं पिळलेली. या घरात माशाच्या प्रत्येक गोष्टीला लिंबू लागतं.

“वैनी, लई वास येत हुता. पर हे तर फसफसाया लागलं.”

मनवाने वाटी पाण्याखाली धरली, पण वलयं गेली होती. मला वन्संचा असा राग आला की मी चहासुद्धा नाकारला.

“म्या पोरीचं वरीस घालवलं,” वन्सं म्हणाल्या. बाजार उठायच्या आत त्या स्कूटीवर गेल्या आणि सात डोकी घेऊन आल्या. मग तीनदा साबणाने हात धुऊन मनवाशेजारी खडे काढायला बसल्या. माझा राग तिथेच गेला. चहाही मीच केला.

प्रकल्प मंजूर झाला. मनवाच्या वहीत आता एक नोंद आहे: ‘कार्बोनेटची चाचणी, लिंबाचा रस. निरीक्षण, भरपूर बुडबुडे. चाचणी करणारी, आत्या.’

सातव्या डोक्यातला एक खडा वन्संनी मागून घेतला. परवा मी फोनवर विचारलं, कुठे ठेवलाय.

“कपाटात, दागिन्याच्या डबीत. सैपाकघरात न्हाई ठेवला. तिथं लिंबं हायेत.”