कैसूमची पुडी
दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. लहू सोनकांबळे साधं पाणीही फुंकून पिई. सोळा वर्षं तो आखातात, रिफाच्या बंगल्यांतले एसी दुरुस्त करतोय. मालकाने शपथेवर सांगितलं तरी स्वतः गेज लावून गॅस मोजल्याशिवाय हा मान डोलवायचा नाही. कारणही तसंच होतं. गावी त्याची आई काविळीत भगताचा अंगारा खात खात गेली. तेव्हापासून पुराव्याशिवाय घरात काही शिरायचं नाही, हा त्याचा नियम.

म्हणून मिठाच्या बरणीमागे वाळक्या पाल्याची पुडी सापडली, तेव्हा त्याचं डोकंच फिरलं.

"कैसूम म्हणतात इथं. चहात टाकते कधीमधी," बायको राधा नजर चुकवत म्हणाली.

लेकीने, तेजस्वीने, मोबाईलवर शोधलं. "बाबा, इट्स सायंटिफिक नेम कम्स फ्रॉम अकिलीस." अकिलीस म्हणजे ग्रीकांचा पुराणातला वीर. अर्धा घोडा, अर्धा माणूस अशा गुरूने त्याला ही वनस्पती ओळखायला शिकवली आणि लढाईत त्याने ती सोबत्यांच्या जखमांवर लावली, अशी कथा.

"आणि तो स्वतः कशाने मेला?"

"ॲरो इन द हील."

"बघा. औषध हाताशी, आणि टाचेला बाण लागून मेला. देश बदलला, भगत तोच." लहू स्वतःवरच खूश झाला. राधा हसली नाही.

हिच्या गळ्यात हे कुणी मारलं, हा किडा काही त्याच्या डोक्यातून जाईना. पुडीवर दुकानाचा शिक्का होता. शुक्रवारी त्याने थेट जिदहफ्सचा बाजार गाठला. जडीबुटीच्या पोत्यांमागे म्हातारी सुरैया बसली होती.

"मेरी बीवी, राधा को क्या बोलके दिया ये?" त्याने पुडी तिच्यापुढे आपटली.

सुरैयाने पुडी हुंगली. "राधा? पेट के लिए. चार महीना हुआ. मैं तीन बार बोली, खलास, ये दर्द घास से नहीं जाएगा, डॉक्टर को दिखाओ."

चार महिने. तरी लहूचा संशय बोललाच, "फिर वो मेरे को क्यों नहीं बोली?"

"मैंने भी पूछा. बोली, वो हर चीज़ का सबूत माँगता है. दर्द का सबूत कहाँ से लाऊँ?"

लहूने तिथूनच राधाला फोन लावला. कुठं दुखतं, कधीपासून, किती, सगळे प्रश्न ओठांवर आले आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"मी निघालोय, हेल्थ कार्ड घेऊन खाली ये. दवाखान्यात जायचंय," एवढंच तो म्हणाला.

पलीकडून राधा हळूच म्हणाली, "खरं वाटलं तुम्हाला?"