रंगीत तालमीतला चेहरा

चेहरा हा माणसाच्या चिंतनाचा आलेख असतो. हे वाक्य मी गेली पंधरा-वीस वर्षं एकाच माणसाकडून ऐकत आलो, आणि ते पूर्ण करायला त्याला दर वेळी मध्ये थांबून धूर सोडावा लागायचा.

तो माझा कार्यालयातला मित्र. राहायला कर्वेनगरला, वयाने माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आम्ही दोघंही कार्यालयाच्या हौशी नाट्यसंघात. या संघात मतं भरपूर आणि नट कमी. तालमी नारायण पेठेतल्या एका शाळेच्या सभागृहात होत. शाळेच्या आवारात सिगारेट ओढता येत नाही, म्हणून प्रत्येक प्रवेशानंतर तो खाली रस्त्यावर जायचा आणि भूमिकेचा विचार करून वर यायचा. विचार तो फार करायचा. रोज पाकीटभर.

आमच्या शहरात बसलेले गाल आणि बारीक केलेले डोळे बुद्धिमत्तेचं लक्षण मानतात. माझा चेहरा गोल आणि तुकतुकीत. मला लोकांनी आयुष्यभर पत्ते विचारले, मत कधी विचारलं नाही. त्याला मात्र नवखे लोकसुद्धा "आपण लिहिता का?" असं विचारायचे. तो लिहीत नसे. पण नाहीही म्हणत नसे.

त्या वर्षीची एकांकिका बाप-लेकाची होती. म्हातारे वडील राहतं घर सोडायला तयार नाहीत. चाळिशीतला मुलगा त्यांना समजावतो, भांडतो आणि शेवटी स्वतःच मोडून पडतो. मुलाची भूमिका मोठी, शेवटी लांबलचक स्वगत. आजवर माझ्या या मित्राच्या वाट्याला शेजारी, पोस्टमन आणि एकदा तर प्रेत आलं होतं. या वेळी मुलाचं काम त्याला मिळालं. तो स्वगत कार्यालयाच्या जिन्यात म्हणायचा, बसस्टॉपवर म्हणायचा. त्याची बायको मला एकदा म्हणाली, "आता मलाच पाठ झालंय ते. हे ऐनवेळी आजारी पडले तर मी उभी राहते."

वडील मी. केस पिकलेले असल्यामुळे निवड बिनविरोध झाली. आमच्या दिग्दर्शिका बाई म्हणाल्या, "तुम्हाला अभिनय असा करायचा नाहीये. नुसतं बसायचंय."

स्पर्धा आठवड्यावर आली तेव्हा रंगीत तालीम ठेवली. म्हणजे नेपथ्य, कपडे, रंगभूषा, दिवे, सगळं प्रयोगासारखं. समोर ओळखीपाळखीचे थोडे प्रेक्षकही बोलावले होते. रंगभूषेला एक ताई आल्या. त्यांनी आधी मला खुर्चीत बसवलं आणि माझ्या गोल चेहऱ्यावर म्हातारपण उगवेना म्हणून घाम गाळत बसल्या. कपाळावर आठ्या, डोळ्यांखाली सावल्या, वरच्या ओठावर पेन्सिलीने बारीक उभ्या रेघा. तोवर तिसरी घंटा झाली.

दिवे लागले. मी भूमिकेप्रमाणे मान खाली घालून आरामखुर्चीत बसलो होतो. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि भरल्या गळ्याने म्हणाला, "बाबा, तुमचं आता वय झालंय. एकदा आरशात बघा."

प्रेक्षकांत कुणीतरी फसकन हसलं. मग बरेच जण हसले.

मी मान वर केली आणि माझं पुढचं वाक्य विसरलो. या माणसाबरोबर मी रोज डबा खात होतो. पण त्या पांढऱ्या झगझगीत उजेडात जो उभा होता, त्याला मी कधी पाहिलंच नव्हतं. वरच्या ओठावर उभ्या रेघांची झालर, पिशवीच्या नाडीजवळ चुण्या पडतात तशी. ओठ जांभळट काळे. गाल आत ओढलेले, जणू अजून एक झुरका चालूच आहे. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून सुरकुत्या थेट कानांकडे निघालेल्या, आणि सगळ्या कातडीचा रंग माळ्यावरच्या वर्तमानपत्रासारखा. मला अक्षरशः भीती वाटली.

बाई समोरून ओरडल्या, "थांबा! ताई, अहो मुलाला एवढं म्हातारं कशाला केलंत? बाप कोण आणि लेक कोण, काही कळायला मार्ग नाही."

"मलाही शंका आलीच होती," तो म्हणाला आणि विंगेतल्या आरशापुढे गेला. "ओठावरच्या रेघा फार झाल्यात, ताई." त्याने रुमाल काढून ओठ पुसला. मग रुमाल ओला करून पुसला. मग जोरात घासला.

ताई ब्रश हातात धरून उभ्या होत्या. "सर," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला मी अजून हात लावलेला नाही. माझा सगळा वेळ यांच्यात गेला."

त्याने रुमालाकडे पाहिलं. रुमाल स्वच्छ होता.

त्यानंतर बाईंनी निर्णय सांगितला. "तुम्ही दोघं भूमिका बदला. दोघांचं दोघांना पाठ आहे."

"बाई, मी याच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे."

"मला माहितीये हो. परीक्षकांना कसं कळणार? गळ्यात पाटी लावू का तुमच्या?"

तालीम संपल्यावर तो खाली गेला. मीही मागोमाग गेलो. तो एका उभ्या स्कूटरच्या आरशात वाकून बघत होता.

"कधी झालं रे हे?"

"ठाऊक नाही. रोज बघितलं की दिसत नाही."

"बायको म्हणाली होती. मी तिला म्हटलं, याला प्रौढता म्हणतात."

"मग?"

"म्हणाली, प्रौढता नेमकी तोंडाभोवतीच कशी आली?"

मला हसू आलं, पण तो हसत नव्हता. बोटाने ओठ ताणून रेघा जातात का ते पाहत होता. ताणल्यावर जायच्या. सोडला की परत यायच्या. "माझं स्वगत गेलं," तो म्हणाला. खिशातलं पाकीट त्याने काढलं, पाहिलं आणि कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. नंतर त्याला सिगारेट पेटवताना मी पाहिलेलं नाही. पण ही बातमी चेहऱ्यापर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो. पुढे कातडीचा रंग थोडा उजळला. रेघा तिथेच राहिल्या.

स्पर्धेत त्याने वडील केले आणि उत्तम केले. काहीच न करता नुसता बसायचा, तरी लोक डोळे पुसत होते. केसांना कलप लावून स्वगत मी म्हटलं. बरं झालं, असं सगळे म्हणाले, म्हणजे ते पडलं.

अभिनयाचं बक्षीस आम्हा दोघांनाही मिळालं नाही. रंगभूषेचं पहिलं मिळालं. वडिलांच्या ओठांवरच्या रेषांइतकं सूक्ष्म काम आपण हौशी रंगभूमीवर क्वचितच पाहिलं आहे, असं परीक्षकांनी भाषणात आवर्जून सांगितलं. ताई मंचावर जाऊन प्रमाणपत्र घेऊन आल्या. प्रयोगाच्या दिवशी त्यांनी त्याला फक्त तोंड धुऊन यायला सांगितलं होतं.