मी बाद, तू लाव

मी फौजेत, इंजिनियर कंपनीत हवालदार होतो. आमची डिटॅचमेंट, म्हणजे तुकडी, अरुणाचलच्या डोंगरात एका कच्च्या रस्त्यावर होती. काम एकच. दरड पडली की रस्ता मोकळा करायचा, वरच्या पोस्टचं रेशन अडकू द्यायचं नाही. सकाळी पीटी, मग फॉल-इन, मग डोझर चालू. संध्याकाळी गेम्स परेड. फौजेत खेळाचीही परेड असते असं सांगितलं की आमच्या फुलसावंगीच्या चौकात लोक हसतात. हसा बाप्पा. पण माझी गोष्ट त्या परेडचीच आहे.

आमचं मैदान म्हणजे हेलिपॅड. एका बाजूले डोंगर, दुसऱ्या बाजूले दरी. फुटबॉल एकदा दरीत गेला की गेला. स्टोअरमधले सगळे बॉल असेच संपले. सुभेदार साहेब म्हणाले, आता बुटाले लाथा मारा. तेव्हा नायक तोंबानं आपल्या पेटीतून वेताचा चेंडू काढला.

तोंबा मणिपूरचा. बुटका, गोल तोंडाचा, अन् चिडवण्यात एक नंबर. त्याचा चेंडू वेत विणून केलेला, आतून पोकळ. त्याले हात लावायचा नाही. पायानं, गुडघ्यानं, डोक्यानं जाळीच्या पलीकडं उडवायचा. तोंबा हवेत उलटा होऊन लाथ मारायचा आणि मांजरासारखा पायावर उतरायचा. मी तसं करायले गेलो, तर सपशेल पाठीवर आदळलो.

"राठोड, तू आदमी है के बोरी?"

"आमच्या तांड्यात चेंडू हातानं मारतात, बावा."

"तो सिखा."

मग मी लिंगोरचा शिकवला. पुण्यामुंबईकडं त्याले लगोरी म्हणतात. जुने फौजी मोजे कोंबून, वरून ट्रकच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून चेंडू केला. सात चपटे दगड एकावर एक रचले. एकानं चेंडू मारून ते पाडायचे. पाडले की त्याच्या बाजूच्यांनी ते पुन्हा रचायचे, आणि तोवर समोरच्यांनी त्यांना चेंडू हाणायचा. ज्याले लागला तो बाद. सगळे दगड लागले की लिंगोरचा म्हणून ओरडायचं.

आमच्या तांड्यात याले एक जोड आहे, ती मले दुसरीकडं कुठं दिसली नाही. दगड लावणाऱ्याच्या मागं एक जण वाकून उभा राहतो, चेंडूकडं पाठ करून. त्याले आम्ही आड म्हणतो. चेंडू आडाले लागतो, आड बाद होतो. पण जाण्याआधी त्यानं ओरडून सांगायचं, "मी बाद, तू लाव!" लावणाऱ्यानं मागं पाहायचं नाही. मागं पाहिलं की हात चुकतो.

तोंबाले हे इतकं आवडलं की तो रोज आडच व्हायचा. समोरून चेंडू मारायले आमचा डोझर ऑपरेटर सुरजीत. सहा फुटाचा सरदार, हात म्हणजे तोफ. चेंडू तोंबाच्या पाठीवर धप्पकन बसायचा आणि हा पठ्ठ्या हसत ओरडायचा, "मी बाद, तू लाओ!" लाव नाही, लाओ. मी सुधरवायचो, तो मुद्दाम आणखी बिघडवायचा.

त्याआधी मी शांतिसेनेत आफ्रिकेत गेलतो. तिथले पोट्टे केळीच्या सोपटांचा चेंडू करून खेळत. ते ऐकून तोंबा लय खूश झाला. तुमच्याकडं चिंध्या, आमच्याकडं वेत, त्यांच्याकडं केळ. चेंडू नाही असं गाव दाखव, म्हणे, मी फौज सोडतो.

एका होळीले आम्हा दोघांची सुट्टी जुळली. मी त्याले तांड्यात घेऊन आलो. होळीत बंजाऱ्यांचा तांडा कसा रंगतो ते सांगायले नको. दुसऱ्या दिवशी तोंबा माझ्या याडीले, म्हणजे आईले, म्हणाला, "याडी, एक नारियल दो." नारळाले त्यानं तेल चोपडलं. त्यांच्याकडं म्हणे होळीच्या दिवसात हाच चेंडू. काखेत धरून पळायचं आणि बाकीच्यांनी हिसकायचा. कापूस निघालेल्या आमच्या वावरात सारा तांडा त्याच्या मागं. नारळ साबणासारखा याच्या हातातून त्याच्या हातात. माझा चुलतभाऊ तोंडावर पडला, सरपंच धोतर सावरत पळून राह्यले होते. याडी बांधावरून ओरडून राह्यली होती, "अरे बह्याडांनो, पाहुण्याले लागन ना!" शेवटी नारळ सटकून तिच्याच पायाशी आला. तिनं उचलला, पदराले पुसला आणि घराकडं निघाली.

"झाला तुमचा खेळ. आता याची चटणी करतो."

निघताना तिनं तोंबाले सांगितलं, पुढच्या होळीले यायचं. तो म्हणाला, "पक्का, याडी."

त्याच पावसाळ्यात एका वळणावर दरड पडली. सकाळी साडेनऊले आम्ही कामाले लागलो. दरडीच्या कामात एक जण शिट्टी घेऊन वर डोंगराकडं नजर ठेवतो. दगड सुटला की शिट्टी, शिट्टी झाली की सगळ्यांनी पळायचं. त्या दिवशी शिट्टी तोंबाकडं होती. डोझरच्या चेनमध्ये दगड अडकला म्हणून सुरजीत खाली उतरला. तेवढ्यात बाजूची माती सरकली आणि तो मांडीपर्यंत दगडात गाडला गेला. सगळ्यांत जवळ मी होतो.

सुभेदार साहेब वायरलेस सेटवर कंपनीशी बोलत होते.

"ब्राव्हो फॉर अल्फा. एक जवान दबा है. मेडिकल भेजो. ओव्हर."

"अल्फा. मेडिकल रवाना. साइट खाली करो. ओव्हर."

मी दगड उचलून बाजूले टाकत होतो. शिट्टी झाली. लांब, न थांबणारी. बाकीचे पळाले.

"राठोड, हट जा!" साहेब ओरडले.

"जा यार," सुरजीत म्हणाला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

आता त्याचा पाय थोडासाच अडकून होता. मी नाही गेलो. शिट्टी बंद झाली. मग माझ्या अंगावर सावली पडली, आणि कोणीतरी माझ्या पाठीले टेकून, डोंगराकडं पाठ करून वाकलं. बारीक खडी सरसरत आली. मी मान वळवणार, तोच मागून आवाज आला.

"पीछे मत देख."

धप्प. तो आवाज मी हेलिपॅडवर रोज ऐकला होता. फक्त या वेळी माझंही अंग हादरलं.

"मी बाद," तोंबा म्हणाला. "तू लाओ."

तिथं लावायचं काही नव्हतं, उचलायचं होतं. पण मले समजलं. मी मागं पाहिलं नाही. शेवटचा दगड ढकलला, सुरजीतच्या काखेत हात घातले आणि त्याले ओढत डोझरच्या आडोशाले नेलं. मग पाहिलं. तोंबा गुडघ्यावर बसला होता, पुढं वाकून, हात जमिनीवर टेकून. मी धावत जाऊन त्यालेही ओढून आणलं. मेडिकलवाल्यांनी पट्ट्या बांधल्या, पण ढगांमुळं हेलिकॉप्टर आलं नाही. दुपारी माझ्या मांडीवर तो गेला. फौजी रडत नाही म्हणतात, साफ खोटं आहे. मी लेकरासारखा रडलो.

त्याची पेटी घेऊन मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं पेटीतला वेताचा चेंडू काढून माझ्या हातात दिला. तिची भाषा मले येत नव्हती, माझी तिले. घरी आल्यावर याडीले सांगितलं, तर ती दिवसभर जेवली नाही. तेव्हापासून दर होळीले ती एक नारळ तेल चोपडून देवाजवळ ठेवते. त्याची चटणी करत नाही.

पेन्शनवर आलो आणि तांड्यातल्या पोट्ट्यांना खेळवायले लागलो. एकदा त्यांना ही गोष्ट सांगितली. पुढच्या आठवड्यात पाहतो तर आड हा शब्दच गायब. पोरी आपसात भांडून राह्यल्या होत्या, "काल तूच तोंबा होती, आज मी!" मणिपूर कुठं आहे ते त्यातल्या एकीलेही माहीत नसन.

यंदा होळीले सुरजीत आला. काठी घेऊन चालतो आता. शाळेमागं खेळ चालला होता. आम्ही पारावर चहा घेत होतो, तेवढ्यात मैदानातून कोणीतरी हाक मारली, "तोंबा, लवकर ये!"

सुरजीतनं चहाचा कप पारावर ठेवला. तो उभा राहिला. मराठी त्याले येत नाही, पण नाव त्यानं ओळखलं.

"कौन बुला रहा है उसको?"

मी सांगितलं. तो काठी टेकत मैदानात गेला, पसरलेल्या दगडांजवळ पाय लांब करून बसला आणि दगड लावू लागला. पोट्टे थबकले. माझ्या भावाची नात सोनी पुढं झाली आणि त्याच्या मागं, चेंडूकडं पाठ करून वाकली.

"अंकल, तुम्ही लावा. मी तोंबा."

चेंडू तिच्या पाठीवर बसला.

"मी बाद, तू लाव!"

सुरजीतनं मागं पाहिलं नाही. एक एक करून सगळे दगड लावले. पुढं लिंगोरचा म्हणून ओरडायचं, पण तो शब्द त्याले आठवला नाही. तो डोळे पुसत, सगळ्या तांड्याले ऐकू जाईल असा ओरडला, "तोंबा!"