म्हात्रेकाकांची काळी चकली

आमच्या घरी लिंबू-मिरची फक्त जेवणात असते, दारावर नाही. असल्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मीच पहिली हसते. पण आमच्या कंपनीतले हमीदभाई आज धडधाकट आहेत ते कशामुळे, हे मला खरंच कळलेलं नाही... म्हणून लिहितेय.

मी पेणची. रोह्याला एका केमिकल कंपनीत सॉफ्टवेअर सांभाळते. आमच्या स्टोअरला अष्टमी गावचे म्हात्रेकाका होते, तीस वर्षं. प्रत्येक स्पेअर पार्टला त्यांनी खाण्याचं नाव ठेवलेलं — शेवगा, अनारसा, करंजी. सगळा प्लांट तीच नावं वापरायचा. मी चिडवलं की म्हणायचे, “नाव असं ठेवावं गो, की घाबरलेल्या मानसालाबी आठवलं पायजे.” त्यांच्या हट्टापायी मी सिस्टिममध्ये त्या नावांचा वेगळा इंडेक्स केला होता. पुस्तकाच्या शेवटी शब्दांची यादी असते ना, तसा. तो असेल तरच त्या नावाने पार्ट सापडायचा.

काका रिटायर झाले आणि वर्षभरात गेले. मी खूप रडले. मग हेड ऑफिसचा मेल आला — जुनी नावं बंद, तो इंडेक्स काढा.

मंगळवारी जेवणानंतर डिलीट केलं. एरर! ‘इंडेक्स वापरात आहे.’ कोण वापरतंय बघितलं तर युजर म्हात्रेकाका, कॉम्प्युटर स्टोअरचा जुना. त्यांचं लॉगिन मीच बंद केलेलं, तो कॉम्प्युटर मीच भंगारात घातलेला! त्यांचं सेशन, म्हणजे ते चालू लॉगिन, तोडलं, तर ते आपोआप परत उघडलं. तीनदा. सर्व्हर रीस्टार्ट केला, तरी तेच. शेवटी ते सेशन शोधतंय तरी काय ते उघडून पाहिलं. दोनच शब्द होते — ‘काळी चकली’.

मला हसूच आलं. म्हटलं, काका, आता तरी आराम करा की हो!

इतक्यात फोन वाजला. प्लांटमधून हमीदभाई, आमचे जुने फिटर. “पोरी, कूलिंग पंपाचा गॅस्केट फाटलाय, रिअ‍ॅक्टर तापतोय! स्टोअरवाल्यांना गावत नाय. काळी चकली दे, लवकर!”

“तुम्ही आधी बाहेर या ना!”

“मी निघालो तर पंप कोण लावल?”

नव्या यादीत गॅस्केट, म्हणजे सांध्यात बसवायच्या रबरी चकत्या, शेकडो, सगळ्यांची नावं हातभर लांब इंग्रजी. मी जुना सर्च उघडून ‘काळी चकली’ टाकलं. रॅक चौदा, खालचा कप्पा. मी ओरडतच स्टोअरला फोन लावला. वीस मिनिटांनी पंप चालू करून हमीदभाई घामाघूम बाहेर आले आणि पाणी मागितलं.

नंतर सिस्टिमचा लॉग पाहिला. गॅस्केट स्टोअरमधून दिल्याची नोंद झाली, त्याच मिनिटाला काकांचं सेशन बंद झालं होतं. आपोआप. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या व्हेंडरच्या माणसाला सगळं दाखवलं. तो म्हणाला, मॅडम, असं होऊच शकत नाही. मी म्हटलं, मलाही तेच वाटतं.

आता तो इंडेक्स वापरात दिसत नाही, एका क्लिकमध्ये जाईल. हेड ऑफिसचे दोन रिमाइंडर येऊन पडलेत. तुमच्यापैकी कोणाला यातलं काही कळत असेल तर जरूर सांगा... फक्त तो काढायला सांगू नका. मी काढणार नाही.