कोरे समास

आमच्या वाचनालयात एक जुनी पाटी आहे : ‘वर्तमानपत्रावर काहीही लिहू नये.’ ती कधी कोणी पाळली नाही. पुढाऱ्याच्या भाषणाशेजारी कोणीतरी पेन्सिलीने ‘थापा!’ लिहायचं. त्याखाली दुसरा विचारायचा, ‘तुमच्या लोकांनी काय दिवे लावले?’ ग्रंथपालबाई रोज चिडायच्या आणि रोज ते सगळं वाचायच्या.

काल पाहिलं, तर सगळे समास कोरे. सभेत बोलले म्हणून एका मास्तरांना पोलिसांनी उचलल्याची बातमी होती. तिच्याही कडेला काही नाही.

“हल्ली कोणी लिहीत नाही?” मी बाईंना विचारलं.

बाईंनी आधी मागे वळून पाहिलं. “अक्षर ओळखू येतं ना हो,” त्या हळूच म्हणाल्या.

बोलायची बंदी कोणी केलेली नाही. राज्यघटना तर आतल्या कपाटात आहेच, पुठ्ठाही न उसवलेली. मग ही पाटी आताच कशी पाळायला लागलो आपण? मला संताप आला. खिशातली पेन्सिल काढून मी त्या बातमीच्या कडेला टेकवली.

समोरच्या माणसाने पेपर जरा खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

मी पान उलटलं आणि शब्दकोडं सोडवायला घेतलं.